बोगदा कुठे गेला?

आमच्या लेकीने प्रश्न विचारणं बंद केलंय, हे माझ्या लक्षात यायला जवळजवळ महिना लागला. खरं सांगायचं तर तो महिना मला बराच सुखाचा गेला. डबे वेळेवर, रिक्षा वेळेवर, दूध उतू जाणं नाही. लक्षात आणून दिलं ते अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी. पेपर बाजूला ठेवून ते एवढंच म्हणाले, "पोरगी गप्प झालीय गं."

मग मला ती सकाळ आठवली. ऑफिसला उशीर झालेला, पावसाने रस्त्यात तळं साचलेलं आणि ही पहिलीतली बया, तळ्यात दिसणारं आभाळ उलटं का, म्हणून मधेच उभी. मी दंड धरून ओढलं आणि म्हटलं, "आता एकही प्रश्न नको. नुसतं चाल!" शहाणी मुलगी. तिने ऐकलं.

तर प्रायश्चित्त म्हणून म्हणा, रविवारी ठाण्याला तलावपाळीवर जायचं ठरवलं. ठाणं तलावांचं शहर, त्यातला हा मासुंदा तलाव आम्हा डोंबिवलीकरांना जवळचा. होडी आहे, काठावर कौपिनेश्वराचं देऊळ आहे, भेळ आहे. वर मी आमिषही दाखवलं, "वाटेत मोठ्ठा बोगदा लागतो. आम्ही लहानपणी त्यात बेंबीच्या देठापासून ओरडायचो."

डोंबिवलीहून जलद लोकल पकडली. दिवा गेलं तशी दोघं खिडकीशी सरसावली. धाकट्याने तर तोंड उघडूनच ठेवलं. आणि काय सांगू, ज्याला बोगदा म्हणावं असा अंधार आलाच नाही! गाडी मुंब्रा स्टेशनातून न थांबता गेली, डोंगराच्या पायथ्याशी वळली, शेजारी खाडी चमकली आणि थोड्या वेळाने पूल ओलांडून ठाणं आलंसुद्धा. धाकट्याने भोकाड पसरलं. लेक मात्र माझ्याकडे टक लावून बघत होती. मग हळूच म्हणाली, "आई, बोगदा कुठे गेला?"

महिन्याभरातला पहिला प्रश्न, आणि मला उत्तर येत नव्हतं. माझी नोकरी डोंबिवलीतच, गाडीचं काम वर्षातून चारदा. "असेल गं, आपल्याला कळला नसेल," असं काहीतरी बोलून गेले. तिने तोंड फिरवलं. मुलांना थाप लगेच कळते हो.

उत्तर होतं अण्णांकडे. चौतीस वर्षं ज्या माणसाने डोंबिवली ते व्हीटी केलं, त्याला रिटायर झाल्यापासून गाडीबद्दल कुणी काही विचारलंच नव्हतं. तलावाच्या कठड्यावर त्यांनी पाण्यात बोट बुडवून डोंगर काढला, खाडी काढली, रूळ काढले. म्हणाले, पूर्वी जलद गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली, तेव्हापासून बोगदा मेल-एक्स्प्रेसला दिला आणि जलद लोकल मुंब्र्याच्या बाजूने वळवल्या. बोगदा आहे तिथेच आहे, आपण त्याला वळसा घातला.

मग काय, धरणच फुटलं. १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, १४ डबे, सुमारे ४०० माणसं, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, हे अण्णांनी सांगेपर्यंत हिचं सुरू, "ठाण्यालाच का थांबली? आपल्या डोंबिवलीकडे का नाही आली?" मी रेल्वेच्या जन्माची तारीख शाळेत पाठ केली होती, पण हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं. उत्तर समोर कठड्यावरच होतं. ठाण्याच्या पुढे खाडी आणि खाडीपलीकडे डोंगर. खाडीवरचा पूल आणि डोंगरातले दोन छोटे बोगदे पुरे झाले तेव्हा कुठे १ मे १८५४ ला गाडी कल्याणला पोचली. तरी डोंगराला वळसा होताच. तो टाळायला पुढे आरपार बोगदा खणला, सुमारे १.३ किलोमीटरचा. तो १९१६ मध्ये सुरू झाला.

"दोन्हीकडून खणत आले असतील तर अंधारात एकमेकांना सापडले कसे?"

अण्णा थांबले. "हे मला नाही माहीत," म्हणाले. मला वाटलं ती हिरमुसेल. तिला तर भारीच आनंद झाला! आजोबांना न येणारा प्रश्न सापडला म्हणून तिने तो धाकट्यालाही दोनदा विचारला.

होडी राहिली. अण्णांनी फर्मान काढलं, परत जाताना बोगदा बघायचाच. एक्स्प्रेस काही डोंबिवलीला थांबत नाही, म्हणजे घर मागे टाकून कल्याण गाठायचं आणि लोकलने उलट यायचं. लोकलचं तिकीट मेलला चालत नाही, ते वेगळं काढलं. रविवार संध्याकाळची जनरलची गर्दी, मांडीवर धाकटा, पायाशी कुणाची तरी कांद्याची पिशवी. मी मनातल्या मनात अण्णांना बरंच काही बोलून घेतलं.

कळवा गेलं आणि अचानक अंधार. आवाज असा की कान दडपले. धाकटा ओरडला, लेक ओरडली, आणि मैत्रिणींनो, मीही ओरडले. शेजारच्या बाई आधी दचकल्या, मग हसत सुटल्या. लेक आकडे मोजत होती, सत्तरच्या पुढे चुकली. अण्णा मात्र काहीच न बोलता खिडकीबाहेरच्या काळ्या भिंतीकडे बघत होते.

घरी पोचायला नऊ वाजले. मऊभात केला, दिवे मालवले. अंधारातून आवाज आला, "आई, डोंगरावर पाऊस पडला की बोगद्यातपण पडतो?"

मी "झोप आता" म्हणायच्या आत पलीकडच्या खोलीतून अण्णा ओरडले, "पडत नाही, झिरपतो! सकाळी सांगतो!"