पोर्टेजची गृहशिक्षिका

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या दक्षिणमध्य भागात पोर्टेज नावाचे एक लहानसे शहर आहे. भोवतालचा मुलूख दुभत्या गुरांचा, शेतवाड्या एकमेकींपासून दूर आणि हिवाळा दीर्घ व बर्फाचा. ज्यांची वाढ वयाच्या मानाने मागे पडली आहे अशा सहा वर्षांच्या आतील मुलांसाठी काही तजवीज करावी, हा विचार १९६९ साली तेथे मूर्त झाला, तेव्हा एखादी शाळा काढून मुलांना तिच्यात आणावे हा रूढ मार्ग मुळातच खुंटलेला होता. कारण मुले विखुरलेली, त्यांची वये निराळी, उणिवा त्याहून निराळ्या, आणि जे मूल अजून मानही सावरत नाही त्याला रोज मैलोगणती नेणे-आणणे कोणत्याच कुटुंबाला झेपणारे नव्हते. संघराज्य सरकारने १९६८ च्या कायद्यान्वये मंजूर केलेल्या अनुदानावर उभ्या राहिलेल्या या योजनेने, म्हणून, प्रवासाचा भार मुलावरून काढून शिक्षिकेवर घातला. या एका निर्णयात योजनेचे सारे मोठेपण आहे असे मला वाटते.

गृहशिक्षिका आठवड्यातून एकदा येते आणि सुमारे दीड तास थांबते. तेवढ्या वेळात आपण मुलाला शिकवून जावे असा तिचा हेतू नसतो. उरलेले सहा दिवस ज्यांना मुलासोबत काढायचे आहेत त्या आईबापांना शिकवण्याची रीत हाती देणे, हे तिचे काम. मुलाला आज काय येते हे प्रथम पाहून, पुढील आठवड्यात साध्य होईल असा भरवसा वाटणारी फार तर तीन उद्दिष्टे ती आईशी बोलून ठरवते; मूल ती गोष्ट सध्या कितपत करते याची नोंद घेते; मग स्वतः करून दाखवते, आईला आपल्यासमोर करावयास लावते, आणि साध्या भाषेत लिहिलेला तक्ता घरी ठेवून जाते. त्या तक्त्यावर रोजच्या खुणा आई करते. पुढच्या खेपेला तीच गोष्ट पुन्हा पडताळली जाते, आणि जमली नसेल तर दोष मुलाच्या माथी न मारता पायरीच मोठी ठेवली गेली असे मानून तिचे आणखी तुकडे पाडले जातात.

पायरी किती लहान असावी, हे मोज्याच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. पायात मोजा घालणे ही आपल्याला एक कृती वाटते. परंतु ज्या मुलाच्या बोटांना पकड नाही त्याला ती एकदम शिकवू गेल्यास त्याच्या वाट्याला केवळ अपयश येते. आईने मोजा टाचेच्या वरपर्यंत चढवून द्यावा आणि मुलाने फक्त शेवटचा भाग वर ओढावा. ते साधले की टाचेपासून, मग चवड्यापासून, आणि अखेरीस बोटांच्या टोकापासून. काम पुरे झाल्याचा आनंद अशा रीतीने पहिल्याच दिवशी मुलाच्या पदरी पडतो, आणि मला अधिक मोलाचे वाटते ते हे की, तो आईच्याही पदरी पडतो. ज्या आईने दवाखान्यांतून मुलाला काय येणार नाही याचीच यादी ऐकलेली असते, तिच्या हातच्या कागदावर मुलाला आज काय आले याची नोंद होऊ लागते.

अशा पायऱ्यांचा संग्रह हळूहळू वाढत गेला आणि १९७६ च्या आवृत्तीत त्याची ५८० पत्रके झाली: तान्ह्या बाळाच्या प्रतिसादांपासून समाजात वावरणे, भाषा, स्वावलंबन, आकलन आणि हालचाल या सर्वांची. पहिल्या वर्षाच्या अहवालात ७५ मुलांची हकिकत आहे, आणि नेमून दिलेल्या उद्दिष्टांपैकी ९१ टक्के साध्य झाल्याचे त्यात नमूद आहे.

त्याच १९७६ साली ही पद्धत इंग्लंडात वेसेक्स भागात पोचली आणि १९८३ मध्ये तेथे तिची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. परंतु तक्त्यांच्या मागे लागून आईचे रूपांतर कवाईत घेणाऱ्या हवालदारात होण्याचा धोका या पद्धतीत होताच. ब्रिटनमधील कार्यकर्त्यांनी कालांतराने खेळाला अग्रस्थान दिले, हे मला योग्य वाटते. दुसरा धोका अजून टळलेला नाही. स्वयंपाक, धाकटे मूल आणि शेतातली मजुरी सांभाळणाऱ्या बाईवर शिक्षिकेचेही काम लादून बाप आणि सासर मोकळे झाले, तर साहाय्याच्या नावाखाली तिचे ओझेच वाढवल्यासारखे होईल. म्हणून चांगली गृहशिक्षिका आजीलाही जवळ बसवते आणि बापाच्या सुट्टीचा वार विचारून घेते.

भारतात चंडीगडमध्ये अंगणवाड्यांच्या द्वारे या पद्धतीचा अवलंब झाला. आपल्याकडे २०१३ च्या फेब्रुवारीत पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. त्यानुसार फिरती पथके अंगणवाड्यांतून बालके तपासतात आणि ज्यांच्या वाढीत अडथळा दिसतो त्यांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. निदान होते ही मोठी गोष्ट. मात्र जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावरील कुटुंबाने दिवसाची मजुरी बुडवून, न चालणारे मूल कडेवर घेऊन, दर आठवड्याला जिल्ह्याच्या ठिकाणी यावे ही अपेक्षा विस्कॉन्सिनमध्ये अव्यवहार्य ठरली होती, ती इथे व्यवहार्य कशी ठरावी? अंगणवाडी सेविकेच्या दप्तरात आधीच इतकी कामे आहेत की हेही तिच्यावर सोपवणे अन्यायाचे होईल. पाड्यापाड्यांतून फिरणारी, तिथलीच बोली बोलणारी स्वतंत्र गृहशिक्षिका नेमावी, आणि तिच्या वेतनाची व प्रवासखर्चाची तरतूद जिल्ह्याच्या अंदाजपत्रकात वेगळ्या शीर्षाखाली व्हावी.