लेखक-कार्यकर्ता जाहीर संवाद आणि व्यासपीठाचे धैर्य

प्रस्तावना

मराठी सार्वजनिक जीवनात जाहीर व्याख्यानाची परंपरा जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ साली पुण्यात सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला हे तिचे ठळक उदाहरण होय. व्याख्यानात वक्ता बोलतो व श्रोते ऐकतात. लेखक आणि कार्यकर्ते यांचा राजकारणाविषयीचा जाहीर संवाद मात्र याहून निराळा आहे. त्यात प्रत्येकाला दुसऱ्यासमोर आपल्या भूमिकेचे उत्तर द्यावे लागते. अशा संवादाची चर्चा करताना धैर्य हा वक्त्याचा व्यक्तिगत गुण मानला जातो. प्रस्तुत लेखात तारा (ता. पनवेल), कराड आणि यवतमाळ येथील उदाहरणांच्या आधारे असे मांडण्याचा प्रयत्न केला आहे की, धैर्य हा व्यासपीठाचाही गुण आहे आणि त्याचा विचार संस्थांनी करणे आवश्यक आहे.

संवादाचे स्वरूप

लेखकाचे साधन शब्द, तर कार्यकर्त्याचे साधन कृती. शब्दाला कृतीची कसोटी लागली नाही तर तो केवळ अलंकार ठरतो. कृतीला नेमकी भाषा लाभली नाही तर ती घोषणेपुरती उरते. म्हणूनच दोघांना परस्परांची गरज असते. कार्यकर्ता लेखकाला विचारतो, ‘आपण लिहिले, पुढे काय?’ लेखक कार्यकर्त्याला विचारतो, ‘आपण जे करता त्याचा अर्थ काय?’ हे प्रश्न खाजगीत विचारणे सोपे असते. श्रोत्यांसमोर ते विचारले गेले की दिलेले उत्तर बंधनकारक होते. जाहीर संवादातील जोखीम येथूनच सुरू होते.

तारा येथील केंद्र

मुंबई-गोवा महामार्गावर कर्नाळा किल्ल्याच्या परिसरात तारा हे गाव आहे. १९६१ साली स्थापन झालेल्या युसुफ मेहेरअली सेंटरचे ग्रामीण कार्य येथे चालते. ज्यांच्या नावाने ही संस्था उभी आहे, ते मेहेरअली (१९०३-१९५०) लेखक, समाजवादी कार्यकर्ते आणि मुंबईचे महापौर होते. १९२८ ची ‘सायमन, परत जा’ आणि १९४२ ची ‘छोडो भारत’ या घोषणांचे श्रेय त्यांना दिले जाते. शब्द हाच कृती कसा होतो, याचे हे उदाहरण आहे.

संस्थेचे दीर्घकाळचे आधारस्तंभ डॉ. जी. जी. पारिख (१९२४-२०२५) यांनी १९४२ च्या आंदोलनात आणि पुढे आणीबाणीत कारावास भोगला व ‘जनता’ साप्ताहिकाचे संपादनही केले. म्हणजे लेखन आणि कार्य यांची सांगड एकाच जीवनात पडली होती. तारा येथे रुग्णसेवा, शिक्षण, तेलघाणी व साबणनिर्मितीसारखे ग्रामोद्योग चालतात. त्याच परिसरात तरुणांची शिबिरे व चर्चासत्रेही भरतात. येथील व्यासपीठ समारंभापुरते उभारलेले नाही, ते रोजच्या कामातून निर्माण झाले आहे. ज्या व्यासपीठाची विश्वासार्हता प्रमुख पाहुण्याच्या प्रतिष्ठेवर अवलंबून नसते, त्याला अप्रिय मत ऐकवून घेणे तुलनेने सुकर जाते.

कराड, १९७५

मोठ्या समारंभांची स्थिती वेगळी असते. त्यांना आश्रयदाते लागतात आणि आश्रयाबरोबर अपेक्षाही येतात. डिसेंबर १९७५ मध्ये, आणीबाणीच्या काळात, कराड येथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. तत्कालीन परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष होते. अध्यक्षस्थानी दुर्गा भागवत होत्या. दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्याचा पुरस्कार केला आणि आजारी असलेल्या जयप्रकाश नारायण यांच्या स्वास्थ्यासाठी सभेला प्रार्थना करावयास लावली. १९७६ मध्ये त्यांना अटक झाली.

दुर्गाबाईंचे धैर्य निर्विवाद आहे. तथापि, संमेलनाध्यक्षपद ही आश्रयदात्याची कृपा नव्हती, ते साहित्यसंस्थांच्या निवडप्रक्रियेतून मिळालेले पद होते, हेही लक्षात घेतले पाहिजे. शासनातील मंत्री यजमान असतानाही अध्यक्षांच्या शब्दाला जागा मिळाली, यात या रचनेचा वाटा होता.

यवतमाळ, २०१९

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळ येथील ९२ व्या संमेलनाचे उद्घाटन करण्यासाठी नयनतारा सहगल यांना निमंत्रण देण्यात आले होते. आणीबाणीला विरोध केलेल्या आणि २०१५ मध्ये असहिष्णुतेच्या निषेधार्थ साहित्य अकादमी पुरस्कार परत केलेल्या या लेखिकेचे निमंत्रण, त्या इंग्रजीत लिहितात या मुद्द्यावरून विरोध होताच, आयोजकांनी मागे घेतले. अनेक निमंत्रित साहित्यिकांनी संमेलनावर बहिष्कार टाकला. महामंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. उद्घाटन आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबातील वैशाली येडे यांच्या हस्ते झाले. संमेलनाध्यक्षा अरुणा ढेरे यांनी आपल्या भाषणात घडल्या प्रकाराबद्दल नापसंती व्यक्त केली. सहगल यांच्या नियोजित भाषणाचा मराठी अनुवाद मात्र महाराष्ट्रभर वाचला गेला.

येथे वक्त्याचे धैर्य कमी पडले नाही, व्यासपीठाचे कमी पडले. निवडलेल्या अध्यक्षांना आपले मत मांडता आले; केवळ निमंत्रणावर येणाऱ्या लेखिकेला ते मांडता आले नाही. निमंत्रण रद्द करण्याची कोणतीही निश्चित पद्धत नसल्यास पहिल्या दडपणातच ते मोडते.

समारोप

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात झालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिलेला नाही. ते ‘साधना’ साप्ताहिकाचे संपादक आणि अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे कार्यकर्ते होते. लेखक व कार्यकर्ता हा भेद त्यांच्या ठायी उरलाच नव्हता. अशा व्यक्तींना एकाकी धैर्य दाखविण्यास भाग पाडणे आणि नंतर त्यांचा गौरव करणे, ही समाजाची सोयीस्कर सवय झाली आहे.

महाविद्यालयांच्या दृष्टीने याचा अर्थ व्यवहार्य आहे. वक्त्याला निमंत्रण देण्याचा निर्णय समितीने घ्यावा व त्याची नोंद करावी. तो रद्द करावयाचा झाल्यास त्याच समितीने लेखी कारणे द्यावीत. श्रोत्यांच्या प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवावा. झालेला संवाद शब्दबद्ध करून प्रसिद्ध करावा. अनुदान, परवानगी आणि स्थानिक दडपण यांच्या चौकटीत काम करणाऱ्या प्राचार्यांना एकट्याने निर्णय घेणे कठीण जाते; पद्धत निश्चित असेल तर तो भार विभागला जातो. विद्यार्थ्यांनाही त्यातून लोकशाहीचा एक धडा मिळतो: मतभेद असलेल्या माणसाला बोलावणे, त्याचे म्हणणे पूर्ण ऐकणे आणि मग त्याला प्रश्न विचारणे.