घाटात पंखा कुणाच्या जोरावर फिरतो?

मालवाहतुकीच्या धंद्यात डिझेल, टोल आणि टायर यांचा हिशेब पैशापैशाने होतो. रेडिएटरमागचा पंखा मात्र इंजिनाबरोबर आपोआप फिरतो म्हणून फुकट फिरतो असं धरलं जातं. तो फुकट फिरत नाही हे एकदा लक्षात आलं की पुढचा विचार साहजिकच सुचतो : मोटारींना विजेवरचा पंखा चालतो, मग ट्रकलाही पट्ट्यावरचा काढून विजेचा का लावू नये? प्रश्न रास्त आहे. पण लहान पिकअपला त्याचं जे उत्तर आहे, ते चाळीस टनी ट्रेलरला लागू पडत नाही. बचत होते ती पंखा नको असताना थांबवता येतो म्हणून. तो कशावर चालतो याला महत्त्व नंतर येतं. आणि जड ट्रकमध्ये पंखा थांबवण्याची सोय वीज मध्ये न आणताच अधिक चांगली होते, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी खर्च किती ते पाहू. पंख्याचा वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट मिळते, पण त्यासाठी लागणारी ताकद आठपट होते. वेगाच्या घनाच्या पटीत वाढणारा हा भार म्हणजे या विषयाची किल्ली आहे. मोठ्या ट्रकचा पंखा पूर्ण वेगात १५ किलोवॉट, कधी त्याहूनही बरीच जास्त ताकद ओढतो. २४०० फेऱ्यांना १५ किलोवॉट लागत असतील, तर महामार्गावर १५०० फेऱ्यांनी चालणाऱ्या इंजिनाला थेट जोडलेला तोच पंखा ढोबळमानाने साडेतीन किलोवॉट खातो. चांगल्या डिझेल इंजिनात एक किलोवॉट तासभर वापरायला साधारण पाव लिटर डिझेल जळतं. म्हणजे दहा तासांच्या प्रवासात जवळपास नऊ लिटर डिझेल पंख्यात जातं, तेही बहुतांश वेळ गरज नसताना. ताशी ६० किलोमीटरने धावणाऱ्या गाडीच्या जाळीवर सेकंदाला सोळा-सतरा मीटर वेगाने वारा आपसूक येतच असतो. सपाट रस्त्यावर एवढा वारा बहुतेक वेळा पुरतो. मोटारींनी हे केव्हाच ओळखलं. मारुती ८०० सारख्या गाड्यांत इंजिन आडवं बसलं, क्रँकचं तोंड रेडिएटरकडे राहिलं नाही, आणि विजेचा पंखा घेणं भागच पडलं. त्यातून फायदाही झाला. पाणी तापलं की पंखा सुरू होतो, निवलं की बंद होतो, आणि गाडी सिग्नलला उभी असताना इंजिन संथ चालत असलं तरी पूर्ण वेगाने फिरतो.

विजेच्या पंख्याची आणखी एक बाजू न्यायाने मांडली पाहिजे. इंजिन रबरी माउंटिंगवर हलत असतं आणि रेडिएटर चासीला बांधलेला असतो. त्यामुळे इंजिनावरच्या पंख्याची पाती आणि भोवतीचं कडं यांत बरीच फट ठेवावी लागते, आणि त्या फटीतून हवा उलटी फिरते. विजेचा पंखा रेडिएटरलाच बसतो, फट थोडी राहते, तेवढ्याच ताकदीत हवा जास्त खेचली जाते. पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यातून जाताना पट्ट्यावरच्या पंख्याची पाती पाण्याच्या रेट्याने पुढे वाकून रेडिएटरची जाळी कापू शकतात. विजेचा पंखा अशा वेळी बंद ठेवता येतो. हे सगळं मान्य करूनच घाटाकडे वळू, कारण खरा निकाल तिथेच लागतो.

न्हावाशेव्याहून कंटेनर घेऊन चाकणकडे निघालेला ४० टनांचा ट्रेलर बोरघाट चढतो आहे असं डोळ्यांपुढे आणा. वीस मीटरला एक मीटर चढ आणि ताशी २० किलोमीटर वेग धरला, तर नुसतं वजन वर उचलायलाच सुमारे ११० किलोवॉट लागतात. चाकांचा विरोध मिळवला की आकडा सव्वाशेच्या घरात जातो. जेवढी ताकद चाकांना मिळते, तिच्या निम्म्याच्या आसपास उष्णता कुलंटमध्ये उतरते, म्हणजे साठेक किलोवॉट. टर्बोमधून येणारी तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरची उष्णता वेगळीच. आणि वारा? सेकंदाला जेमतेम साडेपाच मीटर. वैशाखात समोरून येणारी हवाच चाळीस अंशांची असते. इथे सगळी भिस्त पंख्यावर असते. नेमक्या याच वेळी खालचा गिअर पडलेला असल्याने इंजिन चढ्या फेऱ्यांवर असतं, म्हणून इंजिनाला जोडलेला पंखाही जोरात फिरतो. विजेच्या पंख्याला हीच ताकद अल्टरनेटरकडून मागावी लागते. २४ व्होल्टच्या यंत्रणेत १५ किलोवॉट म्हणजे पाचशेहून अधिक अँपिअर, आणि जड ट्रकचा अल्टरनेटर सर्वसाधारणपणे शंभर-दीडशे अँपिअरचा असतो. विजेचा पंखा कमी ताकदीत तेवढंच काम करतो हा युक्तिवाद पूर्ण मानून आकडा निम्मा केला, तरी पावणेतीनशे अँपिअर उरतात. शिवाय अल्टरनेटरमध्ये इंजिनाच्या ताकदीचा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा भाग उष्णता होऊन जातो, पंख्याच्या मोटारीत आणखी थोडा. पट्ट्यातून थेट मिळणारी ताकद आधी वीज करायची आणि मग पुन्हा फिरवायची, हा द्राविडी प्राणायाम घाटात परवडत नाही.

मग महामार्गावरचं नऊ लिटर डिझेल जाऊ द्यायचं का? मुळीच नाही. त्यासाठी व्हिस्कस क्लच आहे. पंख्याच्या मध्यभागी दिसणाऱ्या, खाचा असलेल्या ॲल्युमिनियमच्या गोल डब्यात घट्ट सिलिकॉन तेल असतं. समोर दोन धातूंची गुंडाळलेली पट्टी असते. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की पट्टी पिळते, झडप उघडते, तेल चकत्यांच्या फटीत शिरतं आणि पंखा इंजिनाला धरतो. हवा निवली की तेल परत जातं आणि पंखा घसरू लागतो. घसरताना तो पूर्ण थांबत नाही हा आक्षेप बरोबर आहे. पण पाव वेगाने रेंगाळला तरी, घसरणीत वाया जाणारी ताकद धरूनही, इंजिनावरचा भार सोळाव्या हिश्श्यावर येतो, म्हणजे साडेतीन किलोवॉटच्या जागी पाव किलोवॉटच्या आत. तो उरलासुरला पाव किलोवॉट वाचवायला वायरिंग, रिले आणि मोठा अल्टरनेटर घालण्यात हिशेब बसत नाही. इंजिनाच्या कंट्रोलरकडून आज्ञा घेणारे इलेक्ट्रॉनिक व्हिस्कस पंखे तर पाण्याचं तापमान, इंटरकूलर आणि एसी या सगळ्यांकडे पाहून वेग ठरवतात.

विजेवरच्या बस आणि ट्रकना विजेचे पंखे असतात, याचा दाखला इथे चालत नाही, कारण तिथे शेकडो व्होल्टची बॅटरी हाताशी असते. उलट डिझेल ट्रकच्या रेडिएटरवरचा बोजा वाढतोच आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ इंजिनांत धुराचा काही भाग थंड करून परत इंजिनात सोडण्याची पद्धत अनेकांनी घेतली, आणि ती उष्णता कुलंटमध्येच जाते. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. चालकांसाठी ती हवीच होती. पण एसीचा कंडेन्सर सहसा रेडिएटरच्या पुढेच येतो, आणि पंख्याला आणखी एक जाळी ओलांडून हवा ओढावी लागते.

बारा व्होल्टच्या छोट्या पिकअपचं गणित वेगळं आहे. ३० अँपिअरचे दोन पंखे सातशे वॉटच्या आसपास घेतात, आणि थेट जोडलेल्या जुन्या पंख्याच्या जागी ते चांगला उपाय ठरू शकतात. मात्र अल्टरनेटरमध्ये तेवढी शिल्लक हवी, सुरू होतानाचा मोठा झटका सोसणारी जाड वायर हवी, आणि रेडिएटरची पूर्ण जाळी झाकणारं कडं हवं. इथे कंजुषी केली तर वितळलेला फ्यूज गॅस्केट उडवून जातो.

जड ट्रक घाटात तापू लागला की पंखाच बदलण्याची घाई होते. त्याआधी एक साधी तपासणी करा. इंजिन पूर्ण थंड आणि बंद असताना, चावी काढून, पंखा हाताने फिरवून पाहा. चिकट, जड विरोध लागला पाहिजे. झटका दिल्यावर तो मोकळा चार-पाच गिरक्या घेत असेल, किंवा मधल्या डब्याभोवती तेलकट धूळ जमली असेल, तर क्लचमधलं तेल गळून गेलं आहे. तो क्लच बदला, आणि इंटरकूलर व रेडिएटर यांच्यामध्ये अडकलेला कचरा काढून घ्या.