लोणारचे पाणी आणि आपल्या वावरातली माती



ऊस, उतारा आणि हप्ता यांविषयी या पानांत नेहमीच लिहिले जाते. आज थोडे आपल्या लेकराबाळांच्या शाळेविषयी. विषय दूरचा वाटेल; पण तो शेवटी आपल्याच बांधावर येतो.

मागच्या हिवाळ्यात आम्ही नववीच्या मुलांबरोबर लोणारला गेलो होतो. एरवी सहल म्हणजे देवळे पाहायची, डबे खायचे अन् परतायचे. या खेपेला मास्तरांनी मुलांना एकच प्रश्न दिला होता : ‘हे पाणी खारट काहून?’

प्रश्न साधा, पण कोणत्याही एका विषयाच्या तासात तो सुटेना. भूगोल सांगतो, काळ्या बेसाल्ट खडकावर उल्का आदळून हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर झाले. पूर्वी पुष्कळ जाणकार याला ज्वालामुखीचे तोंड समजत. जबर आघातानेच होणारी काच इथल्या खडकांत सापडल्याचे १९७३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा उल्केचे पारडे जड झाले. गणिताने व्यासावरून घेर काढला : साडेपाच किलोमीटरांहून थोडा अधिक. रसायनशास्त्राने खारेपणाचे कारण दिले. पाणी आत येते, बाहेर जायला वाट नाही; ऊन पाणी उडवते आणि क्षार मागे राहतात. वन खात्याच्या परवानगीने घेतलेल्या पाण्यात सामू मोजायचा कागद बुडवला, तो गडद निळा झाला. इतिहासात पाहावे तर ‘आईन-इ-अकबरी’तही इथल्या क्षारांची नोंद आहे, आणि लवणासुराच्या कथेतले ‘लवण’ म्हणजे तरी मीठच की!

जून २०२० मध्ये हेच पाणी गुलाबी झाले होते, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. कोणी कोप म्हणाले, कोणी चमत्कार. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचे ते रंगद्रव्य निघाले. पाणी आटून खारेपणा वाढला, तसे ते जीव फोफावले.

परतताना एक मुलगी म्हणाली, “आमच्या खालच्या वावरातबी उन्हाळ्यात पांढरं फुटते. तेबी लोणारच हाय काय?”

गाडीतली पोरं हसली. आम्ही मात्र गप्प झालो. त्या वावरात दरसाल खत वाढत होते, पाणी वाढत होते अन् ऊस मात्र पिवळा पडत होता. बापाला जे सुचले नाही, ते पोरीने एका वाक्यात धरले.

मग मुलांनी आपापल्या वावरातली माती आणली. ऊर्ध्वपातित पाण्यात कालवून सामू पाहिला, गावाच्या नकाशावर खुणा केल्या, म्हाताऱ्यांना विचारून कोणते वावर केव्हापासून बिघडले ते टिपले. खुणा सखल भागात दाटल्या. जिथे पाणी साचते आणि निचरा नाही, तिथे लहानसे लोणारच तयार होत होते!

कागदाची पट्टी म्हणजे माती परीक्षण नव्हे. नुसती खारवट जमीन चर काढून, गोड्या पाण्याने धुऊन सुधारते. चोपण झाली असेल तर निचऱ्याबरोबर जिप्समही लागते. कोणती आहे, ते प्रयोगशाळाच सांगेल. मुलीच्या वडिलांनी माती तपासायला दिली आणि पाण्याच्या पाळ्या कमी केल्या. वावर एका हंगामात सुधारत नसते, पण बिघाड कळला, हेही थोडे नाही.

अशा प्रकल्पांसाठी १९९३ मध्ये राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद सुरू झाली. दहा ते सतरा वर्षांच्या मुलांनी गावचाच प्रश्न घ्यावा, हा तिचा बाणा. त्याला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. लागते ती घरच्यांची साथ.

म्हणून विनंती एवढीच : लेकरू प्रश्न घेऊन आले तर ‘हे परीक्षेत येते काय?’ म्हणून त्याला उठवू नका. त्याच्या हाती वावरातली ओंजळभर माती द्या.