खेकड्याचा कोल्हापुरी रस्सा

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेला, राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी या तालुक्यांत, पावसाळ्यात ओढ्यांत आणि भातखाचरांत गोड्या पाण्यातले खेकडे मिळतात. समुद्रातल्या चिंबोरीपेक्षा ते लहान आणि मांसाने कमी, त्यामुळे इथे खरा मान रश्श्याला.

खेकडा जिवंतच घ्यावा. मेलेल्याचे मांस फार लवकर खराब होते. तो स्वच्छ धुऊन नांग्या आणि पाय वेगळे करतात. मग पाठीचे कवच उचलून आतले पिसासारखे कल्ले काढून टाकतात. कवचातला पिवळा गर मात्र ठेवावा, चव त्यातच असते.

बारीक पाय फेकू नयेत. ते पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये थोडे पाणी घालून वाटतात आणि पातळ फडक्यातून नीट गाळतात, कारण कवचाची एक कचही घशाला टोचते. हे गाळलेले पाणी म्हणजे रश्श्याचा प्राण. तेलात भाजलेला कांदा, सुके खोबरे, आले, लसूण, कोथिंबीर यांचे वाटण आणि कांदा-लसूण मसाला परतून त्यात नांग्या, धड आणि हे पाणी घालतात. उकळी येईपर्यंत ढवळत राहावे. रस्सा दाट हवा असेल तर भाजलेले डाळीचे पीठ लावतात.

गोड्या पाण्यातल्या खेकड्यात फुप्फुसाला अपाय करणारा परजीवी कृमी असू शकतो. म्हणून खेकडा अर्धाकच्चा कधीही खाऊ नये, पूर्ण शिजवूनच भाकरीसोबत वाढावा.