रंग न धरणारा डॅशबोर्ड

पिकअपचं वय आधी आतून दिसतं. हौदा ठोकून सरळ करता येतो, बाहेरच्या पत्र्यावर पासिंगच्या आधी एक हात मारला जातो, मागे मुलांची नावं आणि कुलदैवत नव्यानं लिहिलं जातं. केबिन मात्र तशीच राहते. काचेखालचा डॅशबोर्ड राखेसारखा पांढुरका पडतो. दाराच्या पॅडवर कोपर टेकतो तिथे घामानं आणि धुळीनं काळा चट्टा धरलेला असतो. ग्लोव्ह बॉक्सचं झाकण सुतळीनं बांधलेलं असतं.

नातेपुते पुणे-पंढरपूर रस्त्यावर आहे, फलटण आणि माळशिरसच्या मधे. डाळिंबाचे क्रेट, दुधाचे कॅन, वैरण, मंडपाचे बांबू, चैत्रात शिखर शिंगणापूरच्या यात्रेचे भाविक, आषाढीत माउलींच्या पालखीमागे दिंड्यांचे तंबू आणि भांडी, हे सगळं पिकअपच वाहते. कागदोपत्री या गाड्या अकलूजच्या, म्हणजे एमएच ४५च्या. व्यापारी वाहनाला पहिली आठ वर्षं दोन वर्षांनी एकदा आणि पुढे दरवर्षी फिटनेस दाखवावा लागतो. त्यामुळे जुनी पिकअप वर्षातून एकदा तरी डेंटिंग-पेंटिंगच्या दारात उभी राहते. त्या वेळी मालक विचारतो, ‘आतनं पण मारून द्याल का?’ कामाची खरी अडचण या साध्या प्रश्नापासून सुरू होते, कारण बाहेरचा पत्रा रंगवणं आणि आतलं प्लास्टिक रंगवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं उत्तम येणारा पेंटर दुसऱ्यात हमखास फसू शकतो.

पूर्वी हा फरक नव्हता. महिंद्रानं १९४७ मध्ये विलीस जीपची जुळणी सुरू केली तेव्हा डॅशबोर्ड हा पत्र्याचाच एक तुकडा होता. बाहेर जो रंग, तोच आत. अमेरिकेत १९२०च्या दशकात ड्यू पाँट कंपनीचा ‘ड्युको’ हा झटपट वाळणारा रंग आला आणि गाडी रंगवण्याचं आठवड्यांचं काम दिवसांवर आलं. आपल्याकडचे पेंटर अजून ‘डुको’ म्हणतात तो हाच वारसा. पत्रा घासायचा, लांबी भरायची, प्रायमर, मग रंग, ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या हातात बसली. टाटांची टाटामोबाइल १९८८ मध्ये आली आणि तिच्याच पायावर १९९१ मध्ये सिएरा उभी राहिली. पुढे २००० मध्ये बोलेरो, मग तिचं पिकअप रूप, २००५ मध्ये टाटा एस, म्हणजे सर्वांचा छोटा हत्ती. चालकाच्या हाताशी असलेला पत्रा या काळात मागे सरकत गेला आणि त्याची जागा साच्यातून निघालेल्या प्लास्टिकनं घेतली.

त्यातलं सर्वांत हट्टी प्लास्टिक म्हणजे पॉलिप्रोपिलीन.

मिलानच्या ज्युलिओ नात्ता यांच्या प्रयोगशाळेत १९५४ मध्ये ते आजच्या स्वरूपात तयार झालं. नात्ता आणि जर्मनीचे कार्ल झिग्लर यांना १९६३ चं रसायनशास्त्राचं नोबेल या क्षेत्रातल्या कामासाठी मिळालं. खताचं विणलेलं पोतं, बॅटरीची पेटी आणि पिकअपचा डॅशबोर्ड यांचं मूळ द्रव्य हेच. स्वस्त, हलकं, ॲसिडला दाद न देणारं, शेकडो वेळा वाकवलं तरी न तुटणारं. गाडी बनवणाऱ्याला आणखी काय हवं? पण ज्या गुणामुळे ॲसिड त्याचं काही बिघडवू शकत नाही, त्याच गुणामुळे रंगही त्याला धरत नाही. त्याच्या रेणूत फक्त कार्बन आणि हायड्रोजन. रंगातल्या राळेनं ज्याला पकडावं असं त्या पृष्ठभागावर काहीच नसतं. पाणी टाकलं तर अळवावरच्या पाण्यासारखं गोळा होऊन घरंगळतं, आणि रंगाचीही गत तीच होते. फरक इतकाच की रंग वाळेपर्यंत दगा लपवून ठेवतो. संध्याकाळी काम झकास दिसतं. महिन्याभरात कुणाच्या तरी नखाला कोपरा लागतो आणि अख्खी पापडी सुटून हातात येते.

कारखान्यात यावर एक जुना इलाज आहे. बंपरसारख्या भागांवर रंगापूर्वी क्षणभर निळी ज्योत फिरवतात. ज्योतीच्या टोकाशी ऑक्सिजनचे अणू प्लास्टिकच्या वरच्या थराला चिकटतात आणि रंगाला धरायला जागा मिळते. यंत्र हे काम नेमक्या अंतरावरून, नेमक्या वेगानं करतं. गॅरेजात ब्लो लॅम्पनं हा प्रयोग करणाऱ्याचा डॅशबोर्ड बहुधा वाकडा होतो. हातानं काम करणाऱ्याचा आधार म्हणजे प्लास्टिक प्रायमर. त्यात क्लोरिन जोडलेलं, पॉलिप्रोपिलीनच्याच जातीचं द्रव्य असतं. सॉल्व्हंट वरचा थर किंचित फुगवतो, हे द्रव्य त्यात शिरतं आणि त्याची दुसरी बाजू रंगाला धरते. दोन न पटणाऱ्या घरांमधला हा मध्यस्थ. तो पातळच मारायचा, आणि डब्यावर सांगितलेल्या वेळेतच त्यावर रंग द्यायचा. पत्र्याच्या सवयीनं जाड प्रायमर मारून दुसऱ्या दिवशी रंगाला हात घालणारा माणूस कष्ट दुप्पट करतो आणि फळ घालवतो.

सगळंच आतलं प्लास्टिक मात्र पॉलिप्रोपिलीन नसतं. मीटरभोवतीची चौकट किंवा एसीच्या जाळ्या बऱ्याचदा एबीएसच्या असतात. एबीएस रंग सहज धरतं, पण तीव्र थिनरनं विरघळतं आणि पेट्रोलनं पुसल्यास त्याला बारीक तडे जाऊ शकतात. म्हणून भाग खोलल्यावर आधी तो उलटा करून पाहावा. मागे साच्यातच अक्षरं उमटवलेली असतात, पीपी किंवा एबीएस. अक्षरं नसली तर काही जण तुकडा पाण्यात टाकून पाहतात, कारण शुद्ध पॉलिप्रोपिलीन पाण्यापेक्षा हलकं असल्यानं तरंगतं. ही परीक्षा इथे फसवते. डॅशबोर्डला ताठपणा यावा म्हणून त्यात शंखजिऱ्याची भुकटी मिसळलेली असते. भुकटी वीस टक्के असली तरी तुकडा पाण्यापेक्षा जड होऊन बुडतो, आणि पाहणारा त्याला एबीएस समजून प्रायमर वाचवायला जातो.

डॅशबोर्ड पांढुरका पडतो तो उन्हानं. अतिनील किरणं पॉलिप्रोपिलीनच्या लांब साखळ्या तोडतात, वरचा थर ठिसूळ होतो, त्याला केसासारख्या भेगा पडतात आणि आतली भुकटी उघडी पडते. बोट फिरवलं की पांढरं लागतं ते हेच. बाहेर चाळिशीचं ऊन असताना बंद केबिनमधला डॅशबोर्ड सत्तर अंशांच्या घरात जातो. नातेपुत्याच्या एप्रिल-मे महिन्यांत हे रोजचंच आहे.

यावर चालक जे करतात त्यानंच पेंटरचं पुढचं काम बिघडतं. कुणी डिझेलचा बोळा फिरवतो, कुणी खोबरेल तेलाचा, आणि बहुतेक जण चकाकी देणाऱ्या पॉलिशची बाटली वापरतात. अशा अनेक पॉलिशांत सिलिकॉनचं तेल असतं. दोन दिवस डॅशबोर्ड नवा दिसतो, मग त्यावर धूळ चिकटते आणि पुन्हा बाटली निघते. वर्षानुवर्षं मुरलेलं हे सिलिकॉन रंगाचा खरा वैरी आहे. त्याचा सूक्ष्म थेंब जिथे राहिला असेल तिथून ओला रंग बाजूला सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. केबिन बिघडवण्यात उन्हाचा वाटा मोठा आहे हे खरं, पण रंगकाम बिघडवण्यात या बाटलीचा वाटा त्याहून मोठा आहे.

त्यात प्रत्येक गाडीत छोटं देवघर असतं. विठ्ठल-रखुमाईची किंवा महादेवाची मूर्ती दुहेरी टेपनं चिकटवलेली, पुढे उदबत्तीचं घर. राख, तुपाचे थेंब, हळदी-कुंकवाची बोटं, उदबत्ती कलंडून पडलेला जळका खड्डा, हे सगळं मूर्तीच्या पायाशी साचलेलं. हळदीचा पिवळा डाग साबणानं पूर्ण जात नाही, पण गडद रंगाखाली झाकला जातो. टेपच्या डिंकाचं तसं होत नाही. तो अंशभर राहिला तरी वरचा रंग तिथेच उचलतो.

म्हणून या कामाचा मोठा हिस्सा धुण्यात जातो. बॅटरीची तार काढायची, स्क्रू आणि क्लिपा शोधून पॅड, पिलरची कव्हरं, ग्लोव्ह बॉक्स बाहेर काढायचे. जुन्या प्लास्टिकच्या क्लिपा उन्हानं इतक्या ठिसूळ झालेल्या असतात की चार काढताना एखादी तुटणारच, त्यामुळे नव्या आधीच आणून ठेवलेल्या बऱ्या. मग भांड्यांचा साबण, कोमट पाणी आणि मऊ ब्रश. क्रम इथे फार महत्त्वाचा. धुण्याआधी घासलं तर सिलिकॉन नव्या ओरखड्यांत खोल शिरतं आणि मग कशानंच निघत नाही. आधी धुवायचं, सिलिकॉन काढणाऱ्या द्रावणानं एका फडक्यानं पुसून दुसऱ्या कोरड्या फडक्यानं लगेच टिपायचं, पुन्हा धुवायचं, आणि मगच करड्या स्कॉचब्राइटनं हलकं घासायचं. पॉलिश पेपर शक्यतो नकोच, कारण डॅशबोर्डवर साच्यातून आलेली चामड्यासारखी रवाळ नक्षी असते. कागदानं ती खरवडली की तिथे कायमचा गुळगुळीत डाग राहतो. भेगांना लांबी भरली तरी नक्षी परत येत नाही.

रंगाच्या बाबतीतही पत्र्याची सवय विसरावी लागते. पत्र्यावर भरपूर ओला हात मारून आरशासारखी चकाकी आणणं हे पेंटरचं भूषण. इथे जाड हात म्हणजे नक्षी बुजली. पहिला हात इतका विरळ असावा की खालचं प्लास्टिक दिसत राहील, मग थांबून दुसरा, तिसरा. आणि चकाकी तर नकोच. मालकांना डॅशबोर्ड चमकताना आवडतो, काहींना दोन रंगांत, वर क्रीम आणि खाली तपकिरी, हवा असतो. पण काचेखालचा वरचा भाग चकचकीत किंवा फिका असला की भर दुपारी त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं आणि रस्त्यावरचा माणूस त्या पांढऱ्या पडद्याआड जातो. क्रीम रंग दारांना द्यावा. काचेखाली गडद आणि मंद, मॅट रंगच हवा, आणि गिऱ्हाइकाला हे समजावून सांगणं हा पेंटरच्या कामाचाच भाग आहे.

एवढं सगळं जमलं तरी हवामान उरतंच. हा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. उन्हाळ्यात दुपारी स्प्रे गनमधून सुटलेला थेंब प्लास्टिकपर्यंत पोचण्याआधी हवेतच वाळतो आणि भुकटी होऊन बसतो. हात लावला की खरखरीत लागतं आणि रंग पुसून येतो. सावकाश उडणारा थिनर वापरणं आणि पहाटे काम उरकणं हे दोन उपाय आहेत. पावसाळी हवेत उलटा त्रास. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं बाष्प त्यावर जमतं आणि काळा रंग दुधाळ होतो. हिवाळा रंगाला चांगला, पण नीरा उजव्या कालव्याच्या या पट्ट्यात तोच गळीत हंगाम. उसाच्या ट्रॉल्यांची धूळ आणि कारखान्यांच्या धुराड्यांतली काजळी ओल्या रंगावर येऊन बसते. त्यात हाच रस्ता पालखी महामार्ग म्हणून रुंद होण्याच्या कामाची पायाभरणी नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली. रस्त्याकडेच्या गॅरेजांसाठी बांधकामाचा काळ म्हणजे आणखी माती. जमीन पाण्यानं भिजवून, ओलं पोतं टांगून जेवढी धूळ अडेल तेवढी अडवायची.

सर्वांत मोठी काळजी मात्र माणसाची आहे. टिकाऊपणासाठी हार्डनर मिसळलेला पीयू रंग वापरण्याचा मोह होतो. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, आणि त्याच्या फवाऱ्यानं कायमचा दमा जडू शकतो. नाकाला बांधलेला रुमाल इथे काही कामाचा नाही, साधा धुळीचा मास्कही नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारं साधन लागतं, आणि छोट्या गावातल्या गॅरेजात ते क्वचितच असतं. बाहेरचा पत्रा निदान उघड्यावर रंगवला जातो. डॅशबोर्ड जागेवर ठेवून रंगवायचा तर पेंटर दोन दारांच्या मधल्या खोक्यात डोकं घालून फवारा मारतो. आतल्या प्लास्टिकला दगडासारख्या कडक रंगाची गरजही नसते. हार्डनर न लागणारा, थोडी लवचीकता असलेला रंग पुरतो. निघेल तेवढा प्रत्येक भाग बाहेर काढून वाऱ्याला पाठ करून रंगवावा आणि डॅशबोर्डचा न निघणारा भाग शक्य तर स्पंजनं किंवा ब्रशनं करावा. ब्रशच्या खुणा रवाळ नक्षीत फारशा दिसत नाहीत. छाती वाचते हा फायदा त्याहून मोठा. नव्या गाड्यांत एअरबॅग असते. तिच्या झाकणाला रंग लावूच नये, कारण ते ठरल्या रेषेवर फाटण्यासाठीच बनवलेलं असतं.

शेवटी वेळेचा प्रश्न. रंग तासाभरात हाताला कोरडा लागतो, पण आतून पूर्ण घट्ट व्हायला आठवडाभर जाऊ शकतो. पिकअपवाल्याकडे आठवडा नसतो. पहाटे अकलूजच्या बाजाराला माल न्यायचा असतो, आणि त्याचा कोपर पहिल्याच दिवशी कच्च्या रंगावर टेकतो. इथे दाराच्या पॅडची सोय चांगली आहे. दाराला पॅड नसलं तरी काच वर-खाली होते, कडी लागते, गाडी चालते. पॅडं काढून ठेवून गाडी धंद्याला सोडावी, रंगलेली पॅडं आठवडाभर सावलीत टांगावीत आणि घट्ट झाल्यावर बसवावीत. बसवताना दाराच्या आतला प्लास्टिकचा कागद मात्र डिंक लावून पुन्हा नीट चिकटवायला हवा. घाईत फाडून फेकला तर पावसाळ्यात काचेच्या फटीतून आलेलं पाणी दारातल्या भोकांतून खाली जाण्याऐवजी पॅडच्या पाठीमागे झिरपतं, आणि नव्या रंगाआड पॅडचा पुठ्ठा फुगायला लागतो.