आत कोण आहे?

लोणावळ्याचा वीकेंड म्हणजे भुशी डॅम, चिक्की आणि परतीचा ट्रॅफिक जॅम! पण चैत्रात जवळच कार्ल्याच्या एकवीरेला गेलात, तर कोळी-आगऱ्यांच्या पालख्यांच्या गर्दीत कुणाच्या ना कुणाच्या अंगात आलेलं दिसतंच. मला तिथूनच नाद लागला. देव माणसात येतो म्हणतात, मग तो तोंडावर चढवलेला कुठे बघायला मिळेल? थेट गाठलं मोखाडा. निमित्त, बोहाडा.

होळीनंतर पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी पट्ट्यात रात्रभर सोंगं निघतात. लाकडाचे नाहीतर कागदाच्या लगद्याचे भलेमोठे मुखवटे. गणपती, नरसिंह, त्राटिका, रावण! संबळ कडाडला की सोंग पुढे-मागे झुलत रस्त्यानं येतं. शेवटी जगदंबा महिषासुराला मारते. बरीच सोंगं ठरावीक घराण्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली.

माझ्या मित्रानं शेजारच्या आजोबांना विचारलं, "आत कोण आहे हो?"
"नरसिंह," आजोबा म्हणाले.
"नाही, नाव काय त्यांचं?"
"सांगितलं की."

नायजेरियातल्या योरुबांच्या 'एगुनगुन'मध्येही असंच. कापडाच्या थरांत नखशिखांत झाकलेला नाचणारा म्हणजे परत आलेला पूर्वज. आतल्या माणसाचं नाव उघड घ्यायचं नाही. आपण मात्र आधी कॅमेरा काढतो.

जायचंय? कसाऱ्याहून खोडाळामार्गे मोखाडा. तारखा गावागणिक वेगळ्या, आधी चौकशी करा. फ्लॅश बंद ठेवा. आणि स्वेटर घ्याच, पहाटे चांगलंच गारठतं!